तिघींत हुशार कोण

रविवारी सकाळी टीव्हीवर एक जादूची मालिका लागायची. तिच्यात तीन बाया होत्या, आजी, आई आणि नात. तिघीही चेटकिणी, पण चांगल्यातल्या. त्यांच्या किल्ल्यावर एक राक्षस टपून बसलेला असायचा आणि तो दर पिढीला परत यायचा. आजीच्या तरुणपणी आला, आईच्या काळात आला, नातीच्या वेळीही आला. मालिका एका रविवारी आजीची गोष्ट दाखवायची, दुसऱ्या रविवारी नातीची. ती संपली की आमच्या घरात भांडण ठरलेलं. तिघींत हुशार कोण?

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. पुढे माझ्या मुलीचं लग्न झालं, ती मार खाऊन परत आली, तिला पुन्हा पाठवायचं की नाही यावर घर पेटलं, तेव्हाही हेच भांडण चालू होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींत अडकून बसल्या आहेत. म्हणून एकत्रच लिहिते.

आमचा मळा नाशिकच्या बाहेर, दिंडोरी रस्त्याला. झेंडू, शेवंती आणि मधल्या सरींत मेथी-कोथिंबीर. घरात सासूबाई, नवरा, मी आणि मुलगी. सासरे तेव्हा वारलेले होते. काही घरांत म्हशी असतात तशी आमच्या घरात मारहाण होती. सकाळ-संध्याकाळ तिचं काही ना काही बघावं लागायचं.

मालिकेतला एक भाग आमच्याकडे फार गाजला. किल्ल्याला एक दरवाजा होता आणि त्याच्या लाकडात डोळे बसवलेले होते. कुणी पळायला निघालं की डोळे बघायचे, दरवाजा किंचाळायचा आणि राक्षस यायचा. आजी कैदेत होती तेव्हा तिने मंत्र म्हणून सगळे डोळे झोपवले आणि निघून गेली. आईच्या वेळी राक्षसाने दरवाजावर मंत्र चालू नये अशी तजवीज केली होती. तिने राक्षसाच्या बहिणीचं रूप घेतलं. दरवाजाने तिला वाकून वाट दिली. नातीच्या वेळी मंत्रही चालेना आणि रूपही बदलता येईना. ती पोरगी कितीतरी रविवार दरवाजासमोर नुसती बसून राहिली. मग तिने ओला चिखल घेतला आणि एकेक डोळा लिंपत गेली.

सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही.

"चिखल काय कुनीबी फासंल. त्यात कसली अक्कल? सारवायचं काम हाय ते."

"मग तुझ्या म्हातारीला का नाय सुचलं, आजे?" माझी मुलगी म्हणाली. ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल.

"तिला गरजच नव्हती. तिच्याकडं मंत्र व्हता. हिच्याकडं काय हाय? शेण."

"चिखल, आजे."

"तेच ते."

मी आईच्या बाजूने बोलायचे. मला वाटायचं, राक्षसासमोर उभं राहून त्याचीच बहीण असल्याचं सांगायला छाती लागते. माझा नवरा बाजेवर पडून ऐकायचा. कपाळाला पट्टी होती त्याच्या त्या दिवसांत. तो म्हणाला, "समद्यांत हुशार राक्षस. तीन बाया खपल्या, त्यो एकटा पुरून उरला."

तो गमतीने म्हणाला नव्हता.

सासूबाई आजीच्या बाजूने का बोलायच्या ते मला माहीत होतं. सासरे देवाचे मोठे. गळ्यात माळ, पहाटे अंघोळ, देव ओवाळल्याशिवाय चहा नाही. आणि संध्याकाळी बायकोला बडवायचे. कारण लागायचं नाही. भाकरी जाड झाली, कुत्रं भुंकलं, पाऊस लांबला. हातात येईल ते घ्यायचे. खांडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळा, खुरपं, कुऱ्हाड हळदकुंकू लावून देव्हाऱ्यापुढे मांडतात आणि उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. सासूबाईंनी त्यातून युक्ती काढली. आज ज्या काठीने मार खाल्ला तिला उद्या सकाळी हळदकुंकू लावायचं आणि देवापुढे ठेवून द्यायची. विचारलं तर सांगायचं, मी बोलले आहे देवाला. सासऱ्यांची ती काठी उचलायची हिंमत व्हायची नाही. मग त्यांनी रवी घेतली, तीही देवापुढे गेली. मुसळ गेलं. पोहऱ्याचा दोर गेला. मी लग्न होऊन आले तेव्हा देव्हाऱ्यापुढे इतकी अवजारं होती की देव दिसत नव्हते.

पण बाई एका जागी चुकली. सासऱ्यांनी बैलाचा चाबूक घेतला. चाबूक चामड्याचा. चामडं देवापुढे कसं ठेवणार? तिथे त्यांचा मंत्र संपला. पुढची कितीतरी वर्षं सासऱ्यांनी फक्त चाबूकच वापरला. सासूबाईंची पाठ मी न्हाऊ घालताना बघितली आहे. नांगरटीसारखी होती.

माझा नवरा देवाला भीत नव्हता. तो लोकांना भ्यायचा. गावात मान पाहिजे, भजनात पुढे बसायला पाहिजे, बाजारात चार लोकांनी रामराम घातला पाहिजे. म्हणून मी घरात थांबायचेच नाही. त्याने हात उगारला की बाहेर पळायचं. विहिरीवर, रस्त्यावर, जिथे माणसं असतील तिथे. तिथे जाऊन मोठ्याने म्हणायचं, "मारा आता." तो दात खाऊन परत फिरायचा. पुष्कळ वर्षं माझं यावर निभावलं. घरात जे दोन-चार रट्टे बसतील ते खायचे आणि दार गाठायचं.

मग एकदा तो बाजारातच सुटला. नदीकाठच्या फुलबाजारात, सगळ्या लोकांदेखत. भाव मी पाडला असं त्याचं म्हणणं. त्याने माझे केस धरले आणि पाट्यांमधून फरफटत नेलं. माझ्या पोटात लाथा घातल्या. मला वाटलं होतं लोक मधे पडतील. लोकांनी आपापल्या पाट्या बाजूला सरकवल्या. फुलं चुरगळू नयेत म्हणून. एका बाईने तर "जरा तिकडं व्हा ना," असं म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मी जिथे पडले होते तिथे तागडीची मापं होती. मी दोन किलोचं माप उचललं आणि त्याच्या कपाळावर घातलं. कातडी फाटून हाड दिसलं. तो बसला तो पाटीतच बसला, शेवंतीच्या. रक्ताने भिजलेली फुलं टाकून द्यावी लागली.

त्यानंतर त्याने मला मारलं नाही. बैलाला जास्त मारायला लागला.

मालिका पहिल्यांदा लागली ती त्याच वर्षी, म्हणून ती पट्टी.

मुलीचं लग्न तिच्या बापाने ठरवलं. मुलगा सिन्नरला, औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. शेणमातीत हात घालायला लागणार नाही, असं बाप म्हणाला. खरंच होतं ते.

जावई दिसायला सरळ. हसून बोलायचा. घरी आला की सासूबाईंच्या पाया पडायचा. त्याची रीत मला पुढे मुलीकडून कळली. तो कामावरून यायचा, जेवायचा, मग उठून दाराची कडी लावायचा. मग टीव्ही लावून आवाज वाढवायचा. मग मारायचा. शेजारच्यांना गाणी ऐकू यायची. तिच्या पाठीवर इस्त्री टेकवली होती त्याने, तिचा आकार पुढे कित्येक वर्षं दिसायचा. पोटात लाथ मारून एक मूल पाडलं. त्यानंतर सगळं आवरून, कडी काढून, खाली जाऊन शेजारच्या पोरांना गोळ्या वाटायचा.

शेवटच्या वेळी त्याने कुकरचं झाकण मारलं. जबडा दोन ठिकाणी मोडला आणि पुढचा दात पडला. त्याने तिचं डोकं ओढणीने बांधलं, सिन्नरच्या थांब्यावर आणलं, नाशिकच्या जीपमध्ये बसवलं आणि म्हणाला, "नीट होऊन ये." ती दारात उभी राहिली तेव्हा खालचा ओठ कुठे संपतो ते कळत नव्हतं.

मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेने एकत्र बांधले. हाड जुळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. डाळीचं पाणी, दूध, रस. पडलेल्या दाताच्या फटीतून नळी आत जायची. बोलणं बंद.

नवऱ्याने पहिला दिवस मळ्यात काढला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तार निघाली की पाठवून देऊ."

"मेली म्हंजे?" मी म्हणाले.

"मरायला काय झालं? तू मेलीस? आई मेली?"

"तुमच्या कपाळाला विचारा."

तो उठून मळ्यात गेला. पण त्याने बोललेलं मागे घेतलं नाही. पोलिसात गेलीस तर दोघींनाही घरात घेणार नाही, असंही जाताना सांगून गेला. पोरगी भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकलं. तिला परत पाठवलं तर ती वाचणार नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही. आता तार निघेपर्यंतचा वेळ होता, तेवढाच.

त्याच दिवसांत ती जुनी मालिका केबलवर पुन्हा लागली. दुपारी. आम्ही तिघी फुलं निवडत बघायचो. पहिल्या वेळी जे रंग चमकायचे ते आता फिके वाटत होते आणि राक्षसाचं शिंग नकली आहे हे स्पष्ट कळत होतं. पण सासूबाईंनी पहिल्याच दुपारी सुरुवात केली.

"आजीची सर नाय कुनाला."

मुलीने तीन बोटं वर केली. तिसरी पिढी.

"तुझ्या तीन बोटांनी काय व्हतंय? तुझी नात चिखलात बसलीय अजून."

मुलीने बोटं सासूबाईंच्या नाकापुढे नेऊन हलवली. सासूबाईंनी त्यावर झेंडू फेकून मारला. पोरगी हसायला गेली आणि तारेने कळ लागून डोळ्यांत पाणी आलं. तरी बोटं खाली घेतली नाहीत.

मी त्या वेळी दोघींना जे सांगितलं ते अजून माझं मत आहे. अक्कल मोजायची तर आधी समोरचा राक्षस बघितला पाहिजे. आजीचा राक्षस मंत्राला भ्यायचा, म्हणून आजी हुशार ठरली. पुढे राक्षस तो मंत्र शिकून गेला. आईच्या वेळी त्याला बहिणीचा लोभ होता, तो पुढे सुटला. नातीच्या वाटेला जो आला तो दोन पिढ्यांनी शिकवून तयार केलेला. मग त्या आजीला आणून या दरवाजासमोर बसवा आणि विचारा, आता म्हण मंत्र. ती तासभर म्हणत बसेल. नातीला आजीच्या काळात नेऊन ठेवली तर तिथे चिखलाची गरजच नाही. तेव्हा ही तुलना होत नाही. तिघींतली एक घरातल्या घरात दुसरीला कमी म्हणते, कारण तिला आपला राक्षस मोठा वाटतो.

सासूबाई म्हणाल्या, "लय बोलाया लागलीस. माझा मोठाच व्हता."

"व्हता. पन देवाला भीत व्हता, आत्याबाई."

"चाबूक खाल्लाय का तू?"

चाबूक मी खाल्ला नव्हता.

नवरात्राच्या आधी जावई चार मोठी माणसं घेऊन आला. बैठक अंगणात बसली. मीच सांगितलं होतं बाहेर बसा, सगळी वस्ती बघू दे. सासूबाईंनी त्यांच्या परीने तयारी केली होती. पितळेच्या ताटात बेल आणि भंडार ठेवून त्यांनी ताट जावयासमोर सरकवलं.

"खंडोबाची आण घे. पोरीवर हात टाकनार नाय म्हून."

आमच्याकडे बेलभंडार उचलताना भल्याभल्यांचा हात कापतो. सासरे असते तर तिथेच कबूल झाले असते. जावयाने शेंगदाणे उचलावेत तसा तो उचलला, कपाळाला लावला आणि हसला.

मग मी उठले. मुलीला लोकांच्या मधे उभी केली आणि तिचा ओठ बोटाने खाली ओढून तार दाखवली. "बघा," म्हणाले. लोकांनी बघितलं. दोन बाया चुकचुकल्या. तेवढ्यात जावई रडायला लागला. रडत रडत माझ्या नवऱ्याच्या पायाशी गेला. "मामा, चूक झाली. लेकरू समजून पदरात घ्या." एवढा पगारदार गडी वस्तीदेखत रडतो म्हटल्यावर वस्ती विरघळली. एक म्हातारा मला म्हणाला, "बाई, आता अजून काय पाहिजे? मानूस पाया पडला." माझा नवरा त्याला उठवून चहा घे म्हणाला. तार निघाली की नेतो, असं ठरलं. सगळ्या लोकांत, मी जमवलेल्या लोकांत.

ते गेल्यावर सासूबाई ताटातला भंडार परत डबीत भरत बसल्या. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. बाजारात दुसऱ्याच्या तागडीकडे बघतात तसं बघितलं तिने.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या वस्तीत माणूस राहत नाही. सगळा झेंडू त्या दोन दिवसांत जातो, म्हणून गडीमाणसं, बाया, पोरं, सगळे पहाटेच पाट्या घेऊन बाजारात. नवरा गेला होता. मी दुसऱ्या खेपेची फुलं निवडायला घरी राहिले होते. सासूबाई देव्हाऱ्याशी हत्यारं मांडत होत्या. तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली.

जावई एकटाच होता. नवी गाडी. काखेत हेल्मेट, कारखान्याच्या फाटकातून त्याच्याशिवाय आत घेत नसत.

"मामी, हिला न्यायला आलोय. उद्या गाडीची पूजा हाय. आई म्हनती, घरातली लक्ष्मी पाहिजे."

"तार निघायची हाय अजून."

"त्यात काय. माझ्याकडं पक्कड हाय."

तो हे हसत म्हणाला. मुलगी फुलांच्या ढिगाशी बसली होती. तिने मान हलवली, नाही म्हणून. तो आत आला, हेल्मेट कोनाड्यात ठेवलं, आणि तिच्या जबड्यावर, मोडलेल्या बाजूवरच, थप्पड मारली. ती फुलांत आडवी झाली. दातांच्या मधून रक्त यायला लागलं. तोंड उघडता येत नाही, तर रक्त नुसतं तारेतून झिरपत होतं. मी धावत जाऊन तिला पुढे वाकवून धरलं, घशात जाऊ नये म्हणून.

"अरे, भंडार उचललास ना!" सासूबाई ओरडल्या.

"आजी, ती हळद व्हती."

"मी वस्ती गोळा करते," मी म्हणाले.

"करा की. समदे बाजारात हायत."

त्याने सगळं बघून ठेवलं होतं. म्हणूनच आजचा दिवस निवडला होता. मुलगी माझा हात सोडवून उठली आणि दाराकडे चालायला लागली. तो म्हणाला, "ही आली वाटेवर. चपला घाल." मलाही क्षणभर वाटलं की ती निघाली.

ती दारापाशी गेली, दोन्ही फळ्या ओढून घेतल्या आणि कडी लावली. आतून. मग टीव्हीपाशी गेली, तो लावला आणि आवाज वाढवत गेली. कुठल्यातरी साबणाची जाहिरात होती. गाणं घरात मावेना एवढं झालं.

आम्हा दोघींच्या आधी त्याला कळलं. त्याचं हसू उतरलं. तो दाराकडे वळला तर सासूबाई तिथे पाठ टेकून बसल्या होत्या, पाय पसरून. "माझ्यात मारायची ताकद नाय," त्या ओरडून म्हणाल्या, "पन उठनार नाय." त्याने त्यांना लाथ घातली. त्या कण्हल्या, पण हलल्या नाहीत.

मुलीने कोनाड्यातलं हेल्मेट घेतलं आणि मागून त्याच्या कानावर मारलं. तो वळला. तिने दुसऱ्यांदा तोंडावर मारलं. ती ओरडत नव्हती, तिला ओरडता येत नव्हतं. नुसता दातांतून हवा जायचा आवाज. त्याने तिचा गळा धरला. मी पाट्यावरचा वरवंटा आणला आणि गळ्यावरच्या त्या हातावर, मनगटावर घातला. हाड मोडलेलं मला हाताला कळलं. त्याने दुसऱ्या हाताने मला ढकललं, मी पाट्यावर पडले आणि माझी बरगडी गेली. अजून थंडीत दुखते. पडल्या पडल्या मी त्याच्या गुडघ्यावर वरवंटा मारला. मग तो खाली आला. मग त्याला उठू दिलं नाही. हेल्मेटची काच फुटून त्याच्या गालात घुसली. तो "मामी, मामी" करत होता. गाण्यात ते नीट ऐकूही येत नव्हतं.

सासूबाईच म्हणाल्या, "पुरं. मेला तर पोरगी जेलात जाईल."

मुलीने ऐकलं. तिचा हात वर होता तो तिने खाली घेतला. हेल्मेट ठेवलं. टीव्हीचा आवाज कमी केला, बंद केला. सासूबाईंना काखेत धरून उठवलं आणि कडी काढली. तो भिंतीला धरून उभा राहिला. मोडलेला हात पोटाशी घेतला होता. मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली आणि बोट दाराकडे केलं. तो गेला. एका हाताने गाडी चालवता येईना, म्हणून लंगडत रस्त्याला लागला. जीप मिळाली असावी.

मला वाईट वाटलं नाही. तेव्हाही नाही आणि आता लिहितानाही नाही.

आम्ही फरशी धुवायला घेतली. झेंडूच्या पाकळ्या रक्तात चिकटल्या होत्या, त्या निघता निघेनात. मला वाकता येत नव्हतं, म्हणून मी बसून पाणी ओतत होते. सासूबाई बाजेवरून सूचना देत होत्या. मुलीने तोंडातलं रक्त नळीने चूळ भरून धुतलं आणि परत फडकं घेतलं. थपडेने तिचा डावा डोळाही सुजून बंद झाला होता.

नवरा दुपार कलल्यावर रिकाम्या पाट्या घेऊन आला. आधी त्याने अंगणातली गाडी बघितली. मग दारात उभा राहून आत बघितलं. फरशी, वरवंटा, माझं बसणं, पोरीचा डोळा. हेल्मेट कोपऱ्यात पडलं होतं.

"कुठाय त्यो?"

"गेला," मी म्हणाले.

"जिता हाय का?"

"चालत गेला."

त्याने उंबरा ओलांडला. मला वाटलं आता सुरू होईल. मी वरवंटा जवळ ओढून घेतला, त्याला दिसेल असा. मुलगीही फडकं ठेवून उभी राहिली. सासूबाईंनी बाजेवरून पाय खाली सोडले. त्याने तिघींकडे एकेक करून बघितलं.

मग त्याने पाट्या खाली ठेवल्या, बाहेर जाऊन पाय धुतले, आत येऊन पाट मांडला आणि जेवायला वाढ म्हणाला. मला उठता येईना, म्हणून मुलीने वाढलं. तो खाली मान घालून जेवला. हात धुताना, तिच्याकडे न बघता, मला म्हणाला,

"पहाटं तोडायला तिलाबी उठव. इथून पुढं तीच तोडत जाईल, तुला काय आता वाकता यायचं नाय."

दसऱ्याच्या पहाटे मी तिला उठवलं. एका डोळ्याने तिला सरी नीट दिसत नव्हती, कळ्याही तोडत होती. बापाने दोनदा सांगितलं, कळी सोड. ती सोडत गेली.